धोकटीतला गाव

आकाशवाणीवरून भाषणासाठी फोन आला तेव्हा मी न्हाव्याच्या दुकानात नंबर लावून बसलो होतो. दुकानात रेडिओ चालू होता. पलीकडून विचारले, "विषय काय देऊ या?" समोर वस्तरा चालत होता. मी म्हणालो, "न्हाव्यावर बोलतो." पलीकडचे गृहस्थ क्षणभर थांबले. "म्हणजे संत सेना महाराजांवर का?" मी म्हटले, "त्यांच्यावर बोलेनच. पण आमच्या गावच्या न्हाव्यावरही बोलेन." खुर्चीतले गिऱ्हाईक साबणाच्या फेसातून हसले. न्हाव्यावर भाषण हे ऐकून माणसाला हसू येते. तो का हसला, यावर मी पुढे बरेच दिवस विचार करत होतो.

आधी माझी ओळख सांगतो. आम्ही मुलाणी. नेवासे तालुक्यात, प्रवरेच्या काठाला आमचे गाव. ज्ञानेश्वरी जिथे सांगितली गेली ते नेवासे आमचे बाजाराचे गाव. जत्रेतले बकरे हलाल करणे हे आमच्या घराण्याचे काम, आणि त्याबद्दल खळ्यावर धान्य. म्हणजे आम्हीही बलुतेदारच. त्रिंबक नारायण आत्र्यांचा 'गावगाडा' १९१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात हा सगळा कारभार तपशिलाने मांडलेला आहे. मी तो कॉलेजात वाचला आणि पानापानावर मला आमचीच माणसे भेटत गेली. बलुतेदारांच्या तीन कासा असत, थोरली, मधली आणि धाकटी. कोण कुठल्या कासेत हे गावागणिक बदले. आमच्याकडे न्हावी मधल्या कासेत आणि मुलाणी धाकट्या. खळ्यावर मोजणी सुरू झाली की न्हाव्याची पाटी आमच्या आधी भरे. माझे अब्बा आणि गावचे न्हावी शेजारी शेजारी उभे राहत, आणि न्हावी स्वतःची पाटी भरली तरी अब्बांची भरेपर्यंत थांबत.

त्यांना सारा गाव नाना म्हणे. नाव सांगत नाही. मारुतीच्या पाराजवळच्या लिंबाखाली त्यांचे बसणे असे. खुर्ची नाही, पाट नाही. गिऱ्हाइकाने जमिनीवर मांडी घालायची, नाना समोर उकिडवे बसायचे आणि त्याचे डोके आपल्या गुडघ्यावर टेकवून घ्यायचे. शेजारी चामड्याची धोकटी. तिच्यात वस्तरे दोन, एक रोजचा आणि एक मर्तिकाचा, कातर, नखे काढायची नराणी, चिमटा, वस्तरा लावायचा दगड, चामड्याचा पट्टा, पितळेची वाटी आणि एक छोटा आरसा. आणि तळाला, फडक्यात गुंडाळलेली, तुंबडी.

ही तुंबडी मी चालताना कधी पाहिली नाही. मला कळू लागेपर्यंत गावात डॉक्टर येऊ लागला होता. पण नानांच्या वडिलांनी ती चालवली होती. 'रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी' ही म्हण आपण निरुद्योगी माणसाला चिडवायला वापरतो आणि त्यातला इतिहास विसरतो. त्याचा अर्थ असा, की रिकामा नसलेला न्हावी माणसाला तुंबड्या लावीत होता. दुखऱ्या जागेवरचे रक्त शोषून काढणे, गळू फोडणे, काटा काढणे, रुतलेले नख सोडवणे ही सगळी कामे त्याची. आम्ही घरी ज्याला हज्जाम म्हणतो त्या शब्दाचा अरबी मूळ अर्थही केस कापणारा असा नाही. हिजामा म्हणजे तुंबडी लावून रक्त काढणे, आणि ते करणारा तो हज्जाम. मराठी म्हण आणि अरबी शब्द एकच गोष्ट सांगतात. विलायतेतही तेच. १५४० साली आठव्या हेन्रीच्या काळात लंडनच्या न्हाव्यांची आणि शस्त्रवैद्यांची मिळून एकच संघटना केली गेली आणि ती १७४५ पर्यंत टिकली. आंब्रवाज पारे हा फ्रान्सचा सोळाव्या शतकातला मोठा शस्त्रवैद्य न्हाव्याच्या हाताखाली शिकून वर आला होता. तिकडे पुढे त्या धंद्यातून सर्जन निघाला. आपल्याकडे डॉक्टर दुसरीकडून आला आणि न्हाव्याच्या हाती नुसती म्हण राहिली.

नानांचे काम डोक्यापुरते नव्हतेच. लग्नाचे निरोप तेच घेऊन जायचे. मयताची चिठ्ठी घेऊन रात्री-अपरात्री दुसऱ्या गावी जाणेही त्यांचेच. नवरदेवाची पहिली दाढी, लहानग्याचे जावळ, दहाव्याचे क्षौर. प्रवरासंगमाला, जिथे आमची प्रवरा गोदावरीला मिळते, तिथे दहाव्याला नानांपुढे माना खाली घालून बसलेली किती घरे मी पाहिली असतील. आमच्याकडे मूल झाले की सातव्या दिवशी अकीका करतात, बाळाचे केस काढतात आणि त्या केसांच्या वजनाची चांदी गरिबाला देतात. माझ्या धाकट्या बहिणीचे केस नानांनीच काढले. ते तोलायला सोनाराकडे घेऊन गेले तेही नानाच. सुंतेला मात्र नेवाशाहून खलिफा यायचा. माझ्या वेळी मला मांडीवर घट्ट धरून बसलेले हात नानांचे होते. "ती बघ चिमणी," असे काहीतरी ते म्हणाले. चिमणी कुठेच नव्हती.

रात्रीच्या कार्यात दिवटी धरण्याचा मान न्हाव्याचा. भैरवनाथाच्या छबिन्यापुढे नानांची दिवटी असे आणि मोहरमच्या सवारीपुढेही तीच. नगर शहरात कोठल्याची सवारी मोठी, दूरदूरचे लोक तिला येतात. आमची लहानशी. पण दिवटीत तेल घालताना नानांनी दोन्हीकडे कधी हात आखडला नाही. तेल दोन्ही वेळा गावाचेच असायचे, हेही खरे.

शाळेतला एक प्रसंग सांगतो. चौथीत शिवाजी महाराजांचा इतिहास. अफजलखान, सय्यद बंडा, प्रतापगड. धडा आला की वर्गातल्या काही मुलांच्या नजरा माझ्याकडे वळत. कुणी वाईट बोलले नाही, पण नजरा वळत. मी घरी काही बोललो नाही, नानांपुढे डोके टेकवलेले असताना बोललो. न्हाव्यापुढे माणूस का बोलतो हे मला माहीत नाही. डोळे मिटलेले असतात आणि समोरच्याचे तोंड दिसत नाही, म्हणून असेल. नानांनी वस्तरा थांबवला. जिवा महालाची गोष्ट न्हाव्याच्या घरात सांगावी लागत नाही. १० नोव्हेंबर १६५९ रोजी सय्यद बंडाचा वार महाराजांवर पडण्याआधी अडवणारा जिवा, ज्याच्यावरून 'होता जिवा म्हणून वाचला शिवा' ही म्हण पडली, त्याला नाभिक समाज आपला मानतो. पण नाना मला जिवाबद्दल बोलले नाहीत. म्हणाले, "महाराजांनी बरोबर दहा माणसं निवडून नेली व्हती. त्यात जिवा व्हता, आन् सिद्दी इब्राहिमबी व्हता. गुर्जीला इचार." मी गुरुजींना विचारले. गुरुजींनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "हो, होता." त्यानंतर नजरा वळल्या तरी मी मान खाली घातली नाही.

शिवा काशीदची गोष्ट तर त्याहून अवघड. जुलै १६६० मध्ये पन्हाळ्याला सिद्दी जौहरचा वेढा पडला होता. महाराज एका पालखीतून निसटले आणि दुसऱ्या पालखीत त्यांच्यासारखाच दिसणारा शिवा न्हावी बसला. पकडले जाणार हे त्याला माहीत होते. ओळख पटल्यावर काय होणार तेही. मला नेहमी वाटते, राजाची दाढी ज्याने रोज जवळून पाहिली, त्यालाच राजा होऊन बसणे जमले असेल. आणि जो माणूस रोज धारेचे पाते राजाच्या गळ्यावरून फिरवतो त्याच्यावर विश्वास ठेवायचा की नाही, हा प्रश्न राजाने कधीच सोडवलेला असतो.

राजाच्या हजामतीचीच गोष्ट आहे सेना महाराजांची. ती मराठीत घरोघर नेली महिपतींनी, आणि महिपती आपल्याच जिल्ह्यातले, राहुरी तालुक्यातल्या ताहाराबादचे. त्यांचा 'भक्तिविजय' १७६२ सालचा. सेना न्हावी पूजेला बसलेले असतात आणि राजाचे बोलावणे येते. ते उठत नाहीत. राजा संतापतो. तेव्हा स्वतः पांडुरंग सेनांचे रूप घेऊन, धोकटी काखेला मारून राजवाड्यात जातो आणि राजाची सेवा करतो. तेलाच्या वाटीत राजाला देवाचे रूप दिसते आणि त्याला वेड लागते. हा राजा उत्तरेकडच्या कथेत बांधवगडचा, आणि आपल्याकडच्या परंपरेत बीदरचा बादशहा. सेनांचे एक पद शिखांच्या गुरू ग्रंथसाहेबात आहे. श्रावण वद्य द्वादशीला त्यांची पुण्यतिथी असते आणि त्या दिवशी दुकाने बंद असतात. कीर्तनात ही कथा ऐकताना लोक देवाच्या दयाळूपणाने गहिवरतात. मला मात्र तो न उठणारा न्हावी आठवतो. राजाचे बोलावणे आले आणि न्हावी गेला नाही. देव मागाहून आला, आधी तो नकार होता.

असाच एक नकार १८९० साली मुंबईत दिला गेला, आणि त्याची आठवण आपण फारच कमी काढतो. त्या काळी ब्राह्मण व इतर वरच्या म्हणवणाऱ्या जातींत नवरा गेला की बाईचे केस काढीत. दहा-बारा वर्षांची पोर असली तरी. आणि केस वाढले की पुन्हा पुन्हा. निर्णय घरातल्या पुरुषांचा, वस्तरा न्हाव्याचा. सत्यशोधक कार्यकर्ते आणि 'दीनबंधू'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी न्हाव्यांना एकत्र केले आणि न्हाव्यांनी ठरवले, आम्ही विधवांचे केस काढणार नाही. यात त्यांचे नुकसान होते. ते काम बांधलेले होते, त्याचे पैसे मिळत, आणि ज्या घरांना नकार द्यायचा ती घरे वजनदार. अग्रलेख लिहिणे एक, आणि हातातले गिऱ्हाईक सोडणे दुसरे. केशवपन एका दिवसात थांबले नाही. पण ज्याच्या हातात हत्यार, त्यानेच हात मागे घेतला, हे पहिल्यांदा घडले.

आज रविवार आहे आणि आपण हे निवांत वाचत आहात. ही रविवारची सुटीसुद्धा लोखंड्यांचीच देणगी. त्यांच्या चळवळीमुळे १० जून १८९० पासून गिरणी कामगारांना रविवार सुटा मिळाला. त्याच वर्षी न्हावीही त्यांच्यामागे उभे राहिले. पण न्हाव्याला रविवार मिळाला नाही. सगळ्यांना सुटी म्हणून त्याचे काम रविवारी दुप्पट. तो सोमवारी दुकान बंद ठेवतो.

सत्यशोधकांचे वारे आमच्या बाजूलाही होते. मुकुंदराव पाटलांचे 'दीनमित्र' १९१० मध्ये सुरू झाले आणि पुढे आमच्याच तालुक्यातल्या तरवडीहून अनेक दशके निघत राहिले. खेड्यातून निघणारे वर्तमानपत्र. अब्बा सांगायचे, ते लिंबाखाली वाचले जाई. एकाची दाढी चालू, बाकीचे ऐकत बसलेले. पेपरवाल्याने काय छापले ते ज्यांना वाचता येत नव्हते त्यांच्यापर्यंत असे पोचले.

आता जे सांगायचे आहे ते नाना असते तर मी सांगितले नसते.

त्याच लिंबाखाली नाना सगळ्या गावाचे केस कापीत, पण महारवाड्यातल्या माणसांचे कापीत नसत. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या बालपणाच्या आठवणींत लिहिले आहे, की साताऱ्यात न्हावी त्यांच्या घरातल्या मुलांच्या डोक्याला हात लावत नसे आणि थोरली बहीणच त्यांचे केस कापी. ते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचे. मी सांगतो आहे ते १९८० च्या आसपासचे. पंधरा ऑगस्टच्या प्रभातफेरीआधी गुरुजींनी सगळ्यांना केस कापून यायला सांगितले. माझ्या शेजारी बसणारा, वर्गात पहिला येणारा मित्र, आईने शिवणाच्या कातरीने कापलेले केस घेऊन आला. एका कानावर जास्त, मागे पायऱ्या पडलेल्या. मुले हसली. मीही हसलो. हे मी आजवर कुठे लिहिले नाही.

संध्याकाळी नानांना विचारले. ते वस्तरा पट्ट्यावर घासत होते, घासतच राहिले. मग म्हणाले, "त्याच्या डोक्याला हात लावला तर उद्या पाटलाचं डोकं मला मिळायचं न्हाई. आन् दाणं पाटलाच्या खळ्यावं मिळत्यात." मी रागाने घरी आलो, अब्बांना सांगितले. अब्बांनी भाकरी मोडता मोडता विचारले, "आणि आपण कधी त्यांच्यात कोंबडं कापायला गेलो?"

बीदरच्या बादशहाला न घाबरणारा न्हावी कीर्तनात होता. मुंबईचे न्हावी शहरातले, रोख पैशावर जगणारे आणि संघटित. नाना एकटे होते आणि त्यांचे वर्षाचे धान्य दहा-बारा खळ्यांवर बांधलेले होते. हे समजून घेतो. पण ज्या माणसाने मला सिद्दी इब्राहिम दिला, त्याने माझ्या मित्राला काही दिले नाही, हेही लिहिल्याशिवाय हा गौरव खोटा होईल.

बदल आला तो प्रवचनाने आला नाही. सरकारने १९५३ सालीच गावोपयोगी सेवा इनामे कायद्याने रद्द केली होती, पण खळ्यावरचे बलुते त्यानंतरही चालत राहिले. मुळा धरणाचे पाणी आले, ज्वारी मागे पडली आणि ऊस आला. उसाला खळे नसते. उभा ऊस कारखान्यात जातो आणि पैसे बँकेत येतात. न्हाव्याने, सुताराने आणि आमच्या अब्बांनी पाटी घेऊन उभे राहायचे कुठे? दोन-तीन वर्षांत बलुते आपोआप थांबले. अब्बा नेवाशाला मटणाच्या दुकानात कामाला लागले. नानांच्या मुलाने बसस्टँडजवळ पत्र्याचे दुकान टाकले. आरसा समोर एक, मागे एक, मध्ये फिरणारी खुर्ची आणि भिंतीवर दरपत्रक. दरपत्रकाला जात विचारता येत नाही. बसमधून उतरलेला माणूस कुठला हे कळायला मार्ग नाही. तो खुर्चीत बसला की बसला. माझ्या मित्राचे केस गावच्या न्हाव्याच्या घरातल्या हाताने पहिल्यांदा कापले गेले ते तिथे. आम्ही तेव्हा अकरावीत होतो. नाना दुकानाच्या पायरीवर बसलेले असत. त्यांनी पाहिले आणि काही बोलले नाहीत. मित्र सांगतो, त्यांनी त्याला पाणी विचारले. मला ते आठवत नाही, पण तो म्हणतो म्हणजे असेल.

त्याच मित्राने मला उपालीची गोष्ट सांगितली. तो पुढे शिक्षक झाला, पाली शिकला. उपाली हा शाक्यांचा न्हावी. शाक्य राजपुत्र भिक्खू व्हायला निघाले तेव्हा त्यांनीच बुद्धांना विनंती केली, की याला आमच्या आधी दीक्षा द्या, म्हणजे ज्येष्ठ म्हणून आम्हाला याच्या पाया पडावे लागेल आणि आमचा अभिमान उतरेल. पुढे बुद्धांच्या महापरिनिर्वाणानंतर राजगृहाला पहिली संगीती भरली. त्या वेळी संघाचे सगळे नियम, विनय, या उपालीने म्हणून दाखवले. "तुमच्या सेनांच्या आधी दोन हजार वर्षे," मित्र म्हणाला. 'तुमच्या' म्हणजे कुणाच्या, असे मी विचारले, तेव्हा दोघांनाही हसू आले.

सुरुवातीच्या त्या हसणाऱ्या गिऱ्हाइकाकडे येतो. आपल्या भाषेत फसवले की 'हजामत केली', नालायक ठरवायचे की 'हजाम कुठला'. २००९ मध्ये एका हिंदी चित्रपटाच्या नावातला बार्बर हा शब्द या व्यावसायिकांच्या आक्षेपानंतर काढला गेला, तेव्हा पुष्कळ शहाण्या लोकांनी टिंगल केली. मलाही तेव्हा ते थोडे जास्तच वाटले होते. आता वाटत नाही. ज्याच्या धंद्याचे नाव शिवी म्हणून वापरले जाते त्याला शब्द कुठे टोचतो हे त्यानेच सांगावे. २०२४ मध्ये बिहारचे माजी मुख्यमंत्री कर्पूरी ठाकूर यांना मरणोत्तर भारतरत्न जाहीर झाले. ते नाई समाजातले. नेवाशाच्या दुकानात त्या दिवशी पेढे वाटले गेले. मला दोन मिळाले.

आणि २०२० चे वर्ष. मार्चच्या अखेरीस टाळेबंदी लागली आणि सगळ्यात आधी जी दुकाने बंद झाली त्यांत ही होती. दोन माणसांनी हातभर अंतर ठेवायचे तर दाढी कशी करणार? नानांचा नातू तीन महिने घरी बसला. मधल्या काळात घरोघर बायकांनी नवऱ्यांचे, आयांनी मुलांचे केस कापले, आणि अनेक मोठे अधिकारी दूरदर्शनवर पायऱ्या पडलेल्या डोक्यांनी दिसू लागले. २८ जूनला आपल्या राज्यात दुकाने उघडायला परवानगी मिळाली, तीही फक्त केस कापायला. दाढीला नव्हती.

त्या आठवड्यात मी आणि मित्र दोघे गेलो. नातू डोक्यापासून पायापर्यंत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला, नुसते डोळे दिसत होते. आरशाच्या वर सेना महाराजांची तसबीर आणि खाली खिळ्याला नानांची धोकटी, वाळून कडक झालेली. मित्राचा नंबर आधी होता. तो खुर्चीत बसला, नातवाने अंगावर कापड टाकले आणि विचारले, "गुरुजी, कसे कापू?"

"कसेही काप बाबा," मित्र म्हणाला, "फक्त माझी आई कापायची तसे नको."